लोकप्रियता आणि प्रभाव : केशवसुतांच्या कवितेच्या निमित्ताने एक विचार

१

एखादी कलाकृती किती जणांपर्यंत पोहोचली आणि ती पोहोचल्यामुळे पुढे काय घडले, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकमेकांच्या इतके जवळचे वाटतात की, पहिल्याचे उत्तर हाती आले म्हणजे दुसऱ्याचेही आले, असे आपण सहज समजून चालतो. पहिल्या प्रश्नाचा विषय लोकप्रियता हा होय. दुसऱ्याचा विषय प्रभाव हा होय. लोकप्रियता मोजता येते आणि तिची मोजदाद तत्काळ होते. प्रभाव मोजण्यास कालावधी लागतो, आणि त्याचा पुरावा कलाकृतीत नसून तिच्या पश्चात निर्माण झालेल्या इतर कृतींत असतो. ह्या दोहोंची गल्लत नवी नाही. परंतु समाजमाध्यमांच्या आजच्या काळात ती विशेष बळावली आहे. फेसबुक २००४ मध्ये व यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले; आज अशा माध्यमांवर कविता, गीत वा चित्र ह्यांच्याखाली बहुधा पसंतीचा आकडा छापलेला असतो. अभ्यासकाला तो आयता मिळतो, आणि आयती मिळालेली गोष्ट पुरावा म्हणून वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे.

ह्यावर एक ठरावीक उत्तर देण्यात येते. ते असे की, आजचा गाजावाजा ओसरेल, काळ आपला न्याय करील आणि जे अस्सल आहे तेच उरेल. हे उत्तर ऐकावयास धीर देणारे आहे; पण इतिहासाच्या कसोटीला ते उतरते काय, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा निर्देश केला जातो, त्या केशवसुतांच्या कवितेचा प्रवास ह्या दृष्टीने पाहावयाचा आहे. काळ स्वतः काही निवडीत नाही, निवडणारे हात माणसांचे असतात, आणि ते हात नेमके कोणते हे दाखविता येते, असे माझे प्रतिपादन आहे.

२

कृष्णाजी केशव दामले ह्यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. वडील मराठी शाळेत शिक्षक. शिक्षण अनेक गावी, अडचणी सोशीत झाले आणि मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत १८८९ साल उजाडले. पुढे मुंबईत अल्प वेतनाच्या नोकऱ्या, मग खानदेशात भडगाव व फैजपूर येथे शाळेतील अध्यापन, आणि अखेरीस धारवाड येथे मराठीचे शिक्षक म्हणून काम, असा त्यांचा जीवनक्रम आहे. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय चाळीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या नावावर आज सुमारे १३५ कविता आहेत. परंतु त्यांच्या हयातीत ह्या कवितांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. ज्या काही कविता छापल्या गेल्या, त्या नियतकालिकांतून, आणि त्याही 'केशवसुत' ह्या टोपणनावाने. तेव्हा शाळेच्या वर्गात उभा असलेला शिक्षक आणि मासिकाच्या पानावरील कवी हे एकच होत, हे ओळखणारी माणसे थोडी असल्यास नवल नाही.

आता ह्याच काळात महाराष्ट्रात लोकप्रिय काय होते ते पाहू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले आणि १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' आले. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यातील पदे ऐकण्यासाठी नाटकगृहे भरत. १८९९ मध्ये देवलांचे 'संगीत शारदा' आले आणि त्यातील पदे घरोघरी गेली. प्रेक्षकांना एखादे पद आवडले की ते 'वन्समोअर' अशी आरोळी देत. हा शब्द इंग्रजीतून आला आणि मराठीत नाम होऊन बसला : 'वन्समोअर मिळणे', 'वन्समोअर घेणे', 'तीन वन्समोअर झाले' असे त्याचे प्रयोग रूढ झाले. ह्या प्रयोगांतील संख्यावाचक विशेषण लक्षात घेण्याजोगे आहे. दाद ही मोजण्याची वस्तू झाल्याचे ते चिन्ह होय. समाजमाध्यमांवरील पसंतीच्या आकड्याला मराठी भाषेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच एक शब्द देऊन ठेवला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

केशवसुतांच्या कवितेला वन्समोअर मिळण्याची सोयच नव्हती. १८९२ मध्ये त्यांनी 'मयूरासन आणि ताजमहाल' ही चौदा ओळींची रचना लिहिली, १८९३ मध्ये 'तुतारी' लिहिली, आणि त्याच वर्षी 'झपूर्झा'. ह्या तीन कवितांनी मराठी कवितेचे वळण बदलले, असे आपण आज म्हणतो. पण त्या वर्षी हे वळण बहुतेकांच्या दृष्टीस पडले नसले पाहिजे.

३

येथे घाईने एक निष्कर्ष काढण्याचा संभव आहे, तो प्रथम दूर केला पाहिजे. लोकप्रिय ते क्षणिक आणि उपेक्षित ते चिरंतन, असा नियम ह्या उदाहरणावरून बसविता येत नाही. 'सौभद्र' लोकप्रिय होते आणि ते टिकलेही. मराठी नाट्यसंगीताची सारी परंपरा त्याच्या पायावर उभी आहे. उलट लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या अद्भुतरम्य कादंबऱ्या त्या काळच्या वाचकांनी मोठ्या आवडीने उचलून धरल्या. आज त्या वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यापलीकडे कोणी उघडीत नाही. आणि जे लोकप्रियही झाले नाही व टिकलेही नाही, अशा लेखनाची तर गणतीच नाही. चारही शक्यता प्रत्यक्षात आढळतात. ह्याचा अर्थ इतकाच की, लोकप्रियता हे प्रभावाचे कारणही नव्हे आणि त्याचा अडथळाही नव्हे. दोन्ही राशी स्वतंत्र आहेत. एकीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

मग प्रभाव ओळखावयाचा कसा? भाषेच्या अभ्यासकाला ह्या बाबतीत एक सोय आहे. त्याला रसिकांच्या साक्षीवर विसंबून राहावे लागत नाही. भाषेतच खुणा राहतात. केशवसुतांच्या बाबतीत अशा चार खुणा स्पष्ट दिसतात.

पहिली खूण रचनाबंधाची. इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवरील चौदा ओळींची रचना केशवसुतांनी मराठीत आणली, आणि तीसाठी शार्दूलविक्रीडितासारखे संस्कृत परंपरेतील एकोणीस अक्षरी वृत्त वापरले. परका साचा आणि परिचित लय असा हा संयोग होता. ह्या रचनेला त्यांनी 'चतुर्दशक' म्हटले. पुढे 'सुनीत' हे नाव रूढ झाले. ह्या शब्दाची गंमत अशी की, त्याचा ध्वनी इंग्रजी नावाच्या जवळ जातो आणि अर्थ, 'चांगल्या रीतीने नेलेले' असा, संस्कृतातून सरळ लागतो. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवींनी हा प्रकार मोठ्या प्रमाणावर हाताळला, आणि १९३८ मध्ये माधव जूलियनांचे 'तुटलेले दुवे' हे काव्य सुनीतांच्या मालिकेतून सिद्ध झाले. शाळेतील एका शिक्षकाने केलेला प्रयोग अर्धशतकाच्या आत भाषेची मालमत्ता झाला होता.

दुसरी खूण लयीची. मात्रावृत्ते मराठीला नवी नव्हती. पदांत आणि लावणीत ती नांदतच होती. परंतु पंडिती परंपरेत गंभीर आशयासाठी अक्षरगणवृत्ते आणि आर्या ह्यांना प्रतिष्ठा होती. केशवसुतांनी मात्रावृत्तांत चिंतनपर आणि आत्मपर कविता लिहून ही विभागणी मोडली. त्यानंतर बालकवींची 'फुलराणी' असो वा गोविंदाग्रजांची कविता असो, मात्रावृत्त हे भावकवितेचे स्वाभाविक माध्यम झाले.

तिसरी खूण शब्दांची. 'तुतारी' हे वाद्य पूर्वीही होतेच. पण 'परिवर्तनाची हाक' हा त्या शब्दाचा लाक्षणिक अर्थ ह्या कवितेनंतर दृढ झाला. 'झपूर्झा' ह्या शब्दाची कथा तर अधिक उद्बोधक आहे. मुलींच्या खेळातील 'जा पोरी जा' ह्या बोलांचे जलद उच्चारातील रूप म्हणून त्याची व्युत्पत्ती सांगतात. खेळातील ह्या अर्थहीन वाटणाऱ्या ध्वनिसमूहाला केशवसुतांनी भान हरपलेल्या अवस्थेचे नाव केले. पुण्याजवळ कुडजे येथे २०२२ मध्ये कला व संस्कृती ह्यांचे एक संग्रहालय सुरू झाले, त्याचे नाव 'झपूर्झा' असे ठेवण्यात आले आहे. ज्याने मूळ कविता वाचलेली नाही त्यालाही हा शब्द मराठी वाटतो, हेच त्याच्या भाषेत मुरल्याचे प्रमाण.

चौथी खूण विडंबनाची. केशवकुमार ऊर्फ प्र. के. अत्रे ह्यांनी 'झेंडूची फुले' ह्या संग्रहात केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' ह्या कवितेचे विडंबन केले. विडंबन हा प्रभावाचा अत्यंत विश्वसनीय साक्षीदार होय. कारण मूळ रचनेची लय व शब्दकळा वाचकाच्या कानात बसलेली असल्याखेरीज विडंबन समजतच नाही. जे कोणाला ठाऊक नाही त्याची थट्टा करता येत नाही.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. १९०५ मध्ये हुबळीस एक अल्पपरिचित शिक्षक मरण पावतो आणि त्यानंतर वीस वर्षांत त्याच्या कवितेचे विडंबन करावे इतकी ती सर्वपरिचित होते. मधल्या काळात काय घडले? 'काळाने न्याय केला' असे म्हणणे म्हणजे उत्तर टाळणे होय. जे घडले ते निश्चित व्यक्तींनी, निश्चित ठिकाणी केले.

पहिली कडी नियतकालिकांच्या संपादकांची. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस हे १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत होते. हरिभाऊ आपट्यांचे 'करमणूक' १८९० मध्ये आणि का. र. मित्रांचे 'मनोरंजन' १८९५ मध्ये सुरू झाले. ह्या पत्रांतून केशवसुतांची कविता छापली गेली. 'काव्यरत्नावली'सारख्या मासिकाचा वाचकवर्ग मोठा असणे शक्यच नव्हते. पण तो वाचकवर्ग कोणाचा होता हे पाहावे. कविता लिहू पाहणारे तरुणच तीत कविता वाचीत. वाचकांची संख्या आणि वाचकांचा प्रकार ह्यांत हा भेद आहे, आणि प्रभावाच्या दृष्टीने दुसऱ्या गोष्टीचे वजन अधिक. १९०७ मध्ये फडणीसांच्याच पुढाकाराने जळगावास कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या कोवळ्या वयाच्या मुलाला 'बालकवी' ही उपाधी मिळाली ती तेथेच. केशवसुत जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पण त्यांच्या कवितेला ज्यांच्या हातून पुढे जावयाचे होते, ते कवी त्या मासिकाभोवती जमत होते.

दुसरी कडी शिष्याची. राम गणेश गडकरी ह्यांनी स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवून घेतले आणि 'गोविंदाग्रज' ह्या नावाने कविता लिहिली. हेच गडकरी 'प्रेमसंन्यास' (१९१२) आणि 'पुण्यप्रभाव' (१९१६) ह्या नाटकांचे कर्ते म्हणून महाराष्ट्रभर गाजत होते. लोकप्रियतेचे खरे कार्य येथे दिसते. ज्या कवीला स्वतः लोकप्रियता लाभली नाही, त्याचे ऋण एका लोकप्रिय लेखकाने उघडपणे मान्य केले, आणि त्यामुळे नाटकाच्या प्रेक्षकांपर्यंत त्या कवीचे नाव गेले.

तिसरी कडी संग्राहकाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. केशवसुतांच्या मृत्यूनंतर दहा-अकरा वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी त्यांच्या विखुरलेल्या कविता एकत्र करून 'केशवसुतांची कविता' हा संग्रह प्रसिद्ध केला. हरिभाऊ हे त्या काळचे अग्रगण्य कादंबरीकार. त्यांना ह्या खटाटोपाची स्वतःच्या कीर्तीसाठी गरज नव्हती. जुन्या अंकांतील कविता हुडकणे, हस्तलिखिते मिळविणे, पाठ ठरविणे हे काम कष्टाचे आणि दुय्यम समजले जाणारे. ते झाले नसते तर 'तुतारी' मासिकांच्या जीर्ण अंकांत पडून राहिली असती, आणि तिच्यानंतरचे कवी तिच्यापासून काही शिकू शकले नसते. चौथी कडी अध्यापकांची व समीक्षकांची. रा. श्री. जोग ह्यांचे 'केशवसुत काव्यदर्शन' १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पाठ्यपुस्तकांतून ही कविता पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखी गेली. मालगुंड येथे १९९४ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले स्मारक ही ह्या साखळीतील अलीकडची कडी.

दामले घराण्यातच ह्या गोष्टीचे दुसरे उदाहरण मिळते. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले ह्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. व्याकरणाला लोकप्रियता मिळावी अशी अपेक्षाच कोणी करीत नाही. तरी त्यानंतर मराठी व्याकरणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला दामल्यांशी सहमत तरी व्हावे लागले किंवा वाद तरी घालावा लागला. आणि तो ग्रंथ नव्या पिढीच्या हाती आला तो कृ. श्री. अर्जुनवाडकरांसारख्या संपादकाने त्यावर परिश्रम घेतले म्हणून.

५

साखळी होती म्हणून प्रभाव झाला, हे विधान खरे असेल, तर त्याची उलट बाजूही खरी असली पाहिजे : साखळी नसेल तेथे गुण असूनही प्रभाव होत नाही. दुर्दैवाने ह्याचाही पुरावा आपल्या इतिहासात आहे. सावित्रीबाई फुले ह्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ मध्ये, म्हणजे केशवसुतांच्या जन्माच्या बारा वर्षे आधी, प्रसिद्ध झाला. सामाजिक विषमतेविरुद्धचा स्वर, शिक्षणाचे आवाहन, निसर्गाकडे पाहणारी वैयक्तिक दृष्टी ह्यांपैकी काही गोष्टींचे श्रेय आपण केशवसुतांच्या पिढीला देत आलो. परंतु सावित्रीबाईंच्या कवितेला फडणीस मिळाले नाहीत, गडकरी मिळाले नाहीत आणि हरिभाऊही मिळाले नाहीत. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे प्रकाशन व्हावयास १९८८ साल उजाडले. मधल्या शतकाहून अधिक काळात काळाने कोणता न्याय केला? ज्यांच्या हाती मासिके, मुद्रणालये आणि अभ्यासक्रम होते, त्यांच्या दृष्टीच्या कक्षेत ही कविता आली नाही, एवढेच ह्याचे सरळ उत्तर आहे. प्रभावाचा इतिहास हा म्हणून केवळ गुणांचा इतिहास नसतो. तो संधीचा आणि वगळणुकीचाही इतिहास असतो, हे मान्य केल्यावाचून सुटका नाही.

ह्याच्या शेजारी बहिणाबाई चौधरी ह्यांचे उदाहरण ठेवावे. खानदेशातील ह्या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या मुखी होती. तिच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, तिचे पुत्र सोपानदेव चौधरी ह्यांनी जपलेल्या गाण्यांचा संग्रह आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापला गेला. घरातील कोणी ती लिहून ठेविली नसती, आणि अत्र्यांसारख्या लोकप्रिय लेखकाने आपले वजन तिच्या पाठीशी उभे केले नसते, तर ती गाणी गाणारीबरोबरच गेली असती. केशवसुतांचे विडंबन करणारे आणि बहिणाबाईंना पुढे आणणारे अत्रे एकच, हे येथे लक्षात घ्यावे. लोकप्रिय माणसाच्या हातून होऊ शकणारे सर्वांत टिकाऊ कार्य कदाचित हेच असावे.

६

आता वर्तमानाकडे पाहू. समाजमाध्यमांवर आज मराठी कविता विपुल लिहिली जाते. ती सर्वच हिणकस आहे असे समजण्यास आधार नाही. तीत उद्याचा केशवसुत नसेल असे कोणी सांगावे? पण तिच्यापुढील संकट आकड्यांचे नसून जतनाचे आहे. 'ऑर्कुट' हे माध्यम २०१४ मध्ये बंद झाले. 'गूगल प्लस' २०१९ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये शासनाच्या आदेशाने 'टिकटॉक'वर भारतात बंदी आली, आणि खेड्यापाड्यांतील अनेक कलावंतांचा लाखोंच्या संख्येतील प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ह्या निर्णयांच्या योग्यायोग्यतेशी येथे कर्तव्य नाही. 'काव्यरत्नावली'चा अंक मासिक बंद पडल्यावरही एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात राहू शकत होता; माध्यम बंद पडल्यावर त्यावरील मजकूर मात्र बहुधा माध्यमाबरोबरच जातो. थोड्या वाचकांत वाचली गेलेली पण कपाटात राहिलेली कविता पुन्हा वाचता येते. लाखोंनी पाहिलेली पण कोठेही न राहिलेली कविता पुढील कवीच्या हाती लागत नाही, आणि जे पुढील कवीच्या हाती लागत नाही त्याचा प्रभाव होणे शक्य नाही.

ह्यावरून विद्यापीठीय विभागांपुढे दोन कर्तव्ये उभी राहतात. एक संशोधनाच्या शिस्तीचे. प्रबंधात एखाद्या समकालीन लेखकाचा 'प्रभाव' सिद्ध करताना प्रेक्षकसंख्येचा आकडा पुरावा म्हणून स्वीकारू नये. तो प्रसाराचा पुरावा आहे, आणि प्रसाराच्याच प्रकरणात त्याला स्थान आहे. प्रभावासाठी रचनाबंध, लय, शब्द, विडंबन आणि विरोध ह्यांच्या खुणा दाखवाव्या लागतील, आणि त्या नसतील तर 'अद्याप निर्णय करता येत नाही' असे म्हणण्याचे धैर्य ठेवावे लागेल.

दुसरे कर्तव्य संग्रहाचे. समाजमाध्यमांवरील निवडक मराठी लेखन, लेखकाच्या अनुमतीने, तारीख व पाठ ह्यांच्या नोंदीसह, ग्रंथालयांत छापील वा अन्य स्थायी स्वरूपात ठेवण्याची व्यवस्था विभागांनी केली पाहिजे. निवड करताना आकड्याकडे पाहू नये, तसेच आपल्या परिचयाच्या वर्तुळाकडेही पाहू नये. कारण पहिल्या चुकीने 'मुक्तामाला' उरेल आणि दुसऱ्या चुकीने पुन्हा एखादी 'काव्यफुले' शंभर वर्षे दृष्टीआड होईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने प्राचीन ग्रंथांच्या जतनाची चर्चा होत आहे, ती योग्यच आहे. तीच काळजी आजच्या लेखनासाठीही घेतली गेली पाहिजे. फडणीसांनी आणि हरिभाऊंनी ती आपल्या काळातील लेखनासाठी घेतली होती, आणि तेव्हा ते लेखन अभिजात आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.